उतरणीचे बाण

माणूस डोंगर चढताना फारसा चुकत नाही, चुकतो तो उतरताना. वनरक्षक म्हणून केलेल्या सगळ्या नोकरीत एवढी एक गोष्ट मला खात्रीनं कळली, आणि संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्यावर आधी तीच आठवली. चढताना सगळ्या वाटा माथ्याकडे जाऊन एकत्र होतात. उतरायला लागलं की त्याच वाटा फुटत जातात. एक गुरांची असते, एक लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायांची, एक पावसाच्या पाण्यानं पाडलेली. तिन्ही सारख्याच मळलेल्या दिसतात. त्यातली पाण्याची वाट सगळ्यात वाईट. ती तुम्हाला सरळ कड्यावर नेऊन सोडते, कारण पाण्याला उडी मारता येते.

आमचा डोंगर पालघर-बोईसरच्या पूर्वेला. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं आहे, पण पायथ्याच्या पाड्यात त्याला टाक्यांचा डोंगर म्हणतात. अर्ध्या उंचीवर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, त्यांच्या वर एक लेणं, लेण्यात शेंदूर लावलेली देवी, आणि माथ्यावर जुन्या तटाचे ढासळलेले दगड. डोंगर वनखात्याचा, लेणं पुरातत्त्व खात्याचं, देवी पाड्याची आणि रविवार पर्यटकांचा. यांतल्या कुणाचंही कुणाशी वाजलं की बोलावणं मला येई.

मी मूळची पालघरजवळच्या किनाऱ्यावरच्या माहीमची. आमच्या पानवेलींच्या वाड्या. पायाखाली सपाट वाळूची जमीन, डोक्यावर माडांची सावली. डोंगर म्हणजे पूर्वेला लांब दिसणारी निळी रेघ, एवढीच माझी ओळख. लग्न झालं ते वनरक्षकाशी. एका उन्हाळ्यात या डोंगराला वणवा लागला. माझा नवरा पाड्यातल्या माणसांबरोबर आग विझवायला वर गेला. धूर भरला, सगळे पांगले, आणि तो उतरताना चुकीच्या घळीत शिरला. मी पायथ्याच्या आंब्याखाली बसून होते. एकेक माणूस काळ्या तोंडानं खाली येत होता आणि माझ्याकडे न बघता पुढं जात होता.

अनुकंपा तत्त्वावर मला त्याची नोकरी मिळाली. साहेब भले होते. म्हणाले, "राखायला दुसरं बीट देतो, किनाऱ्याकडचं." मी नको म्हटलं. तो कुठं चुकला ते बघितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती.

ती जागा मला दाखवली लखमीनं. लखमी पाड्यातली, माझ्याहून थोडी मोठी, वन समितीनं राखणीला ठेवलेली. घळीच्या तोंडाशी उभी राहून ती म्हणाली, "बाय, ही वाट नाय हाय. ही पान्याची हाय. धुरात कोनाला कलनार?" मग आम्ही दोघी तिथं बसलो. उठताना तिनं एक मोठा दगड उचलून घळीच्या तोंडाशी आडवा ठेवला. मी दुसरा आणून ठेवला. आमच्या डोंगरावरची पहिली पाटी ती.

पुढं खरोखरच्या पाट्या आल्या. पर्यटन वाढलं, निधी आला, पायथ्याला तिकीटघर झालं, आणि वाट आखायचं काम माझ्याकडे आलं. बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय, पिवळा रंग घ्यायचा आणि दगडावर बाण काढायचे. पण बाण काढणारा सहसा चढत जातो आणि चढणाऱ्याला दिसेल असाच काढतो. उतरणाऱ्याला दगडाची दुसरी बाजू दिसते, तिथं काहीच नसतं. म्हणून मी आधी वर लेण्यापर्यंत जायचे आणि रंगाचा डबा घेऊन खाली येत बाण काढायचे. पावसाळ्यात गवत कमरेच्या वर जातं आणि दगड बुडतात, म्हणून काही खुणा झाडांच्या खोडांवर उंच लागतात. झाडावरची खूण दरसाल तपासावी लागते, नाहीतर सालीबरोबर बाण वाकतो आणि भलतीकडे बोट दाखवतो.

आणि पर्यटक? एकदा बोईसरच्या कारखान्यांतली मंडळी आली. लेण्यात डोकावून एकानं मला विचारलं, "मॅडम, यहाँ देखने का क्या है?" मी म्हटलं, "भैया, जो दिख रहा है वही." तो गंभीरपणे पुन्हा आत गेला आणि बराच वेळ बघून आला. म्हणाला, "किसी ने बहुत मेहनत किया है." तो स्वतः दगडाच्या खाणीवर काम केलेला होता. इतका नेमका अभिप्राय मी लेण्याबद्दल दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही. उलट, एका सभ्य दिसणाऱ्या कुटुंबानं माझ्या बाणाशेजारी, माझ्याच ओल्या रंगात काडी बुडवून, मुलाचं नाव लिहिलं होतं. अशा गोष्टी खूप आहेत. पण मला सांगायचं आहे ते सबनिसांबद्दल.

हिवाळ्यातला रविवार होता. सकाळी एक वयस्क जोडपं रिक्षातून उतरलं. सबनीस तारापूरला फोरमन होते. नोकरी संपल्यावर तिथल्या वसाहतीतलं घर सोडून दोघं बोईसरला फ्लॅटमध्ये राहायला आली होती. हे सगळं त्यांच्या पत्नीनं, विजयाताईंनी, मला तिकीटघरापाशीच सांगितलं, आणि सांगता सांगता आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांना अलीकडे आठवत नाही हो. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी फिरवा. लग्न झाल्यावर आम्ही पहिल्यांदा फिरायला इथंच आलो होतो. वर चढणं आता माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. खालीच बसतो थोडा वेळ."

सबनीस बाकावर ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. मला बघून त्यांनी अदबीनं नमस्कार केला.

पहिल्या वळणावर एक पाटी उखडली होती, ती बसवायला मी गेले. विजयाताई हातपाय धुऊन आल्या तेव्हा बाक रिकामा होता.

माणूस हरवला की आधी वाटेवरच शोधायचं, हा आमचा नियम. उतरणाऱ्या प्रत्येकाला मी विचारलं. कुणालाही पांढऱ्या शर्टातले आजोबा दिसले नव्हते. लखमी टाक्यांपर्यंत जाऊन आली. तिथंही नव्हते. ऊन चढत होतं. विजयाताई त्याच आंब्याखाली बसल्या होत्या जिथं मी बसले होते. उठून दुसरीकडे बसा असं त्यांना सांगावंसं वाटलं, पण काय कारण देणार?

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "ताई, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कुठून चढलात?"

"तेव्हा हे तिकीटघर कुठं होतं? पाड्यात एक विहीर होती. तिच्या मागून वाट होती. एका बाईनं आम्हाला ताक दिलं होतं."

लखमीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. विहिरीमागची वाट ही डोंगराची जुनी वाट. काही पावसांपूर्वी दरड कोसळून ती मधेच तुटली, तेव्हा आम्ही तिच्या तोंडावर काटेरी फांद्यांची वई घातली होती. आम्ही धावत विहिरीमागं गेलो. वई जागेवर होती. मी मागं फिरणार, इतक्यात लखमी खाली वाकली.

"बाय, फांद्या फिरल्यात. आपन बुंधे भायेर ठेवलेले. आता आत हायत."

सबनिसांनी काटे बाजूला सारले होते, आत गेले होते, आणि फाटक लावावं तशी वई पुन्हा नीट लावून घेतली होती. आयुष्यभर व्यवस्थित वागलेला माणूस, आठवण गेली तरी हाताची सवय कुठं जाते?

आम्ही चढायला लागलो. ती वाट मी बंद केल्यापासून चालले नव्हते. करवी माजली होती, सागाची पानं गुडघाभर साठली होती. पानांखाली दगड सुटे. दरडीपाशी पोचलो तर पुढं वाटच नव्हती. मातीचा उभा उतार खाली रानात गेलेला, आणि पलीकडे वाटेचा तुटलेला तुकडा. उताराच्या मधोमध बुटांचे ठसे होते. आडवे, एकामागून एक, पलीकडे पोचलेले.

"गेला म्हातारा," लखमी म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं की भीती, मला सांगता येणार नाही.

ती करवीची झुडपं धरत पार झाली. माझे पाय हलेनात. मला खालचं रान दिसत होतं, आणि त्या रानात कुणीतरी पडलेलं दिसेल या भीतीनं मला खाली बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पलीकडून लखमी शांतपणे म्हणाली, "बाय, माज्याकडं बग. पायाला वाट ठावी हाय." मी तिच्याकडे बघत पार झाले.

लेण्याच्या तोंडाशी बूट होते. शेजारी शेजारी जोडून ठेवलेले, मोजे आत घडी करून. देवीपुढं जायचं म्हणून त्यांनी ते काढले होते. आत, थंड दगडी ओट्यावर सबनीस बसले होते. शर्टाची बाही फाटलेली, हातावर काट्यांचे ओरखडे, बाकी ठीक. आमची चाहूल लागताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, जणू आम्ही देवळात गोंगाट करत होतो.

मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, "काका, चला खाली."

"आत्ता नाही. मिसेस मागून येतेय. तिला चढताना दम लागतो, म्हणून मी पुढं आलो. ती आल्याशिवाय मी निघणार नाही."

"त्या खालीच आहेत. तुमची वाट बघताहेत."

"तुम्ही कोण?"

"मी इथली वनरक्षक."

"मग तुम्हाला कसं माहीत ती माझीच मिसेस आहे?" त्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला आणि हाताची घडी घालून बसले. मी परोपरीनं सांगितलं. लखमीनं सांगितलं. ते मान हलवत राहिले. ओढून नेण्यासारखी ती वाट नव्हती आणि तो माणूसही नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच विचारलं, "रागावली आहे का?"

"नाही काका. घाबरल्यात."

ते ताडकन उठले. "घाबरते ती. मग आधी का नाही सांगितलंत? चला."

खाली नेताना आम्ही नव्या वाटेनं नेलं. लखमी पुढं, मी मागं. पहिला पिवळा बाण आला तसे सबनीस थांबले. बाणाकडे बघितलं, बाणाच्या दिशेनं बघितलं, आणि चालू लागले. दुसऱ्या बाणाशी तसंच. नंतर ते स्वतःच पुढचा बाण शोधायला लागले. सापडला की म्हणायचे, "हा बघा." टाक्यांपाशी आलो तेव्हा ते लखमीच्याही पुढं होते. मला विचारलं, "हे कुणी केलंय?" मी म्हटलं, "मी." तर फोरमनच्या आवाजात म्हणाले, "काम चांगलं आहे." माझ्या नोकरीत मला प्रशस्तिपत्र वगैरे कधी मिळालं नाही. मिळायला हवं होतं असंही नाही. पण ते वाक्य मी जपलं आहे.

पायथ्याशी विजयाताई उभ्या होत्या. आंब्याच्या खोडाला हात टेकून. सबनीस त्यांच्यासमोर जाऊन थांबले, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "ताई, इथं माझी मिसेस बसली होती. कुठं गेली, बघितलंत का?"

विजयाताईंनी नुसती मान डोलावली. "येईल हं इतक्यात. तुम्ही बसा तोवर." त्यांना बसवलं, पदरानं त्यांच्या हातावरचं रक्त टिपलं. ते निवांत बसून राहिले. मी तिकीटघरात जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. लखमी बाहेरून म्हणाली, "रड बाय. पन जिता आनला ना?"

काही दिवसांनी विजयाताईंचा फोन आला. "तुम्हाला विचित्र वाटेल. यांना घरात बाथरूम सापडत नाही. स्वयंपाकघरात जातात, गॅलरीत जातात, मग चिडतात आणि मग रडतात. त्या दिवशी तुमचे बाण बघत कसे चालत होते, तुम्हीच म्हणालात. आमच्या घरात काढून द्याल का?"

सुट्टीच्या दिवशी मी डबा आणि ब्रश घेऊन बोईसरला गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट, पण मी डोंगरासारखाच विचार केला. हा माणूस कुठून निघतो? त्याला कुठं जायचं असतं? परत कसा येतो? पलंगाशेजारी एक बाण, दाराच्या चौकटीवर एक, पॅसेजच्या भिंतीवर एक, बाथरूमच्या दारावर एक. मग बाथरूममध्ये आत उभी राहून, बाहेर पडणाऱ्याला दिसतील असे परतीचे. विजयाताई म्हणाल्या, "परतीचे कशाला? आलेल्या वाटेनंच तर यायचं." मी म्हटलं, "ताई, चुकतात ते परतीलाच."

सबनीस खुर्चीत बसून सगळं बघत होते. मधेच उठले, एका बाणाचं टोक वाकडं झालं होतं ते बोटानं दाखवलं. मी सरळ केलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये कारखान्यात काम करणारं उत्तरेकडचं कुटुंब होतं. त्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. "दीदी, ये तीर किसलिए?" मी सांगितलं. ती आत गेली, नवऱ्याशी काहीतरी बोलली, आणि परत येऊन म्हणाली, "अंकल कभी कभी निकल के नीचे चले जाते हैं. हमारी दीवार पे भी बना दो. और सीढ़ी पे भी." सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातल्या रंगाला हरकत घेतली, तेव्हा तीच बाई त्यांच्याशी भांडली. बाण राहिले.

ते किती उपयोगी पडले हे खरं खरं सांगायला हवं. काही महिने फार चांगले पडले. सबनीस एकटे बाथरूमला जात, परत येत, आणि विजयाताईंना दुपारी झोप मिळू लागली. एकदा खाली रस्त्यावर गेले होते तेही बाण बघत आपले आपण वर आले. मग हळूहळू बाण त्यांच्यापुढं हरले. मी भेटायला गेले तेव्हा ते पॅसेजमध्ये बाणासमोर उभे होते. त्यावरून बोट फिरवत होते. बाण दिसत होता, पण तो आपल्याला काही सांगतो आहे हे उमगत नव्हतं. विजयाताई आल्या आणि त्यांचा हात धरून घेऊन गेल्या. मला अधिक काही करता आलं नाही, याची रुखरुख राहिली आहे. पण काय करायचं राहिलं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात सबनीस गेले. घरीच, झोपेत.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, तेव्हा विजयाताई अचानक रिक्षातून उतरल्या. हातात काठी, खांद्याला पिशवी. म्हणाल्या, "मला वर न्याल? वेळ लागेल. पण जायचं आहे."

आम्ही तिघी निघालो. खूप वेळ लागला. विजयाताई दर वळणावर बसायच्या, लखमी त्यांचे पाय हातांनी चोळून द्यायची. "चला आजी, देवी कुठं पलून जाते?" असं म्हणत तिनं त्यांना टाक्यांपर्यंत आणलं आणि मग लेण्यापर्यंत. लेण्यात विजयाताईंनी चपला काढल्या, देवीला हात जोडले आणि ओट्यावर बसल्या. "इथं बसले होते का?" मी हो म्हटलं. त्यांनी दगडावर तळवा ठेवला. आम्ही बाहेर थांबलो.

बाहेर आल्यावर त्यांनी वर बघितलं. "तेव्हा आम्ही इथूनच परत फिरलो. यांना शेवटची बस चुकेल अशी भीती. पुढच्या वेळी माथ्यावर जाऊ म्हणाले होते. मग नोकरी, मुलं, बदल्या झाल्या. पुढची वेळ काही आली नाही." जरा थांबून त्यांनी विचारलं, "वर काय आहे?"

लखमी म्हणाली, "वर दर्या दिसतो."

लेण्याच्या वर मी बाण काढलेले नाहीत. शेवटचा टप्पा उघड्या खडकाचा आहे आणि तिथं नवख्यानं एकट्यानं जाऊ नये. विजयाताईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकटी कुठं आहे मी?"

खडकाच्या खोबणींत त्यांचं एकेक पाऊल लखमीनं हातानं ठेवून दिलं. मी मागून कंबर धरली. माथ्यावर आल्या तेव्हा त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता. पश्चिमेला सगळा किनारा उघडा पडला होता. बोईसरच्या कारखान्यांच्या चिमण्या, तारापूरच्या इमारती, डावीकडे सातपाटीची खाडी आणि तिच्या तोंडाशी होड्यांचे ठिपके, आणि पलीकडे पांढरा लखलखता समुद्र. विजयाताईंनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि आपली जुनी वसाहत शोधली. सापडल्यावरही हात तसाच धरून तिकडे बघत राहिल्या.

मग तटाच्या एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली." आणि स्वतःच चकित झाल्या. "अगंबाई, हे गेल्यापासून मला भूक अशी लागलीच नव्हती. वेळ झाली म्हणून जेवत होते."

त्यांच्या पिशवीत फक्त बिस्किटांचा पुडा निघाला. लखमीनं आपल्या ओच्यातली नाचणीची भाकर काढली, तिच्यावर सुकटीची चटणी होती. "खाल का आजी? आमची तिखट असते."

विजयाताईंनी हात पुढं केला. लखमीनं भाकरीचे तीन तुकडे केले, आणि मोठा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चटणी खरोखरच तिखट होती, माझ्याही आलं. त्यांनी सगळा तुकडा संपवला, हाताला लागलेली चटणी चाटली आणि म्हणाल्या, "लखमी, अजून आहे का गं?"